एक ते नऊ

एक म्हणजे गर्द हिरवं, काही झालंच नाही असं.
तीनला शेंड्याशी पिवळी कड.
पाचला पान सुरळी करून स्वतःतच शिरतं.
सात तपकिरी. नऊ म्हणजे गेलं.
दोन नाही, चार नाही, सहा-आठ नाहीत.
पहिल्या वर्षी विचारलं होतं, का नाहीत?
वांढरे सर म्हणाले,
डोळ्याला एवढंच दिसतं. बाकी आपण कल्पना करतो.

पंधरा ट्रे. एका ट्रेत वीस ओळी.
तीन-तीन पानांचे पऱ्हे, बोटभर,
शीतकक्षात ठेवायचे दहा अंशांत, आठ रात्री.
पहिल्याच संध्याकाळी कॉम्प्रेसर बसला.
गिट्टीखदानचा मेकॅनिक गुडघ्यावर टेकून म्हणाला,
पार्ट पुण्याहून यावा लागंल, मॅडम.
बाहेर जानेवारीचं नागपूर आठ अंशांवर,
आणि आम्ही
थंडी पार्सलने यायची वाट बघणार होतो.

मग ट्रे उचलून मागच्या अंगणात मांडले.
महाराजबागेकडून रात्री एक घोगरा आवाज आला,
बिबट्याचा असावा, त्यालाही हिव लागलं असावं.
सकाळी आकडे बघितले तर
अकराव्या ट्रेपाशी पारा दोन अंश वर.
भिंतीच्या कोपऱ्यात डोमाजींची शेकोटी,
खोकी, कडुनिंबाच्या काड्या, जुन्या वहीचे पुठ्ठे.

काका, हलवता का ही? पऱ्ह्यांना ऊब लागते.

"पऱ्ह्याईले हिव पाह्यजे?"
हो.
"आमची माय तं राखड टाके पऱ्ह्याईवर.
सांजचं पानी भरे, सकाळी काढून टाके,
उन्हाळी धान पिवळं पडू नये म्हनून."
मी काही बोलले नाही.
"तिकडं नेली तं इकडचं कोन पायीन?
डुकरं येतेत जी."
आणि त्यांनी लोट्यातलं पाणी ओतलं निखाऱ्यांवर.
चर्र झालं. तेवढंच.

सात रात्री मी घरी दोन रजया घेऊन झोपले.

नवव्या दिवशी, उन्हं यायच्या आत,
पोत्यावर गुडघे टेकून वाचत गेले पानं.
बासष्ट, नऊ. त्रेसष्ट, नऊ. चौसष्ट, सात.
हात पेन्सिलवर बधिर.
दोनशे चौदाशी थांबले.
या बियांच्या पाकिटावर निळ्या शाईत कुणीतरी लिहिलेलं,
*कौतिका गेडाम, कणगीच्या तळचं.* नाव नाही वाणाचं.
शेजारच्या ओळी आडव्या,
आणि ही उभी, शेंड्याशी जरा पिवळी, बस.
तीन.
लिहिलं, आणि लक्षात आलं
दोनशे चौदा अकराव्या ट्रेत आहे.

डोमाजींनी चहा आणला, कागदी कपात.
ओठ तडकलेले, बोटांची पेरं राखाडी.
माझी नजर थांबेना. सवयच लागलेली.
पाच, म्हणाली ती.
मी मान वळवली ट्रेकडे.

"मंग आता पेटवू का?"

यादीत पुढचं पान होतं,
सावरण्याचे दहा दिवस, उबेत, मग पुन्हा बघायचं
कोण मेलं होतं आणि कोण नुसतं गप्प होतं.
उबेचं तापमान नेमकं छापलेलं आहे तिथे.
मी म्हटलं, पेटवा.

त्यांनी काड्या रचल्या, अकराव्या ट्रेच्या
जितक्या जवळ रचू नयेत तितक्या.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
*पहिली रात्र: शेकोटी जवळ. नंतर विझवली.*
कुणी, ते लिहायला जागा होती.
बोटं वळत नव्हती. मी हात धुरावर धरले.